अर्धा कोयता : बीडच्या ऊसतोड बाईच्या मजुरीचा हिशोब

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. टोळीत किती जण आहेत असं मुकादमाला, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला, विचारलं तर उत्तर येतं, ‘दहा कोयते’. म्हणजे दहा जोडपी, वीस माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक कमी झालं, नवरा वारला, बायको आजारी पडून गावाकडे राहिली किंवा पोराचं अजून लग्नच झालेलं नसलं, तर मागे उरतो तो ‘अर्धा कोयता’.

हा शब्द मराठवाड्यात इतका रुळलेला आहे की तो कुणाला खटकत नाही. पण बाईच्या श्रमाचं आपल्याकडे काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर दुसरीकडे कुठे जायला नको, या दोन शब्दांपाशी थांबलं तरी पुरे. २०१९ साली बीड जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. तेव्हा बोट डॉक्टरांकडे गेलं, मुकादमांकडे गेलं, बायांच्या अज्ञानाकडेही गेलं. मजुरी ज्या मापाने मोजली जाते, त्या मापाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. हे प्रकरण मी त्या बाजूने मांडतो आहे.

गाव आणि फड

बालाघाटच्या डोंगररांगेवरचे पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज हे तालुके अवर्षणाचे. जमीन हलकी, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठणाऱ्या, आणि खरिपाचं एक पीक हातून गेलं की वर्ष गेलं. जून-जुलैच्या सुमाराला, घरात बी-बियाण्याची, शाळेची, दवाखान्याची ओढाताण असते नेमक्या त्याच वेळी, मुकादम उचल वाटतो. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या कामापोटी आगाऊ दिलेली रक्कम. अलीकडच्या वर्षांत ती कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. दसरा-दिवाळी झाली की संसार, शेळ्या, लेकरं गाडीत भरून गावं रिकामी होतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, कर्नाटकात बेळगाव, जिथे कारखाना तिथे मुक्काम. मागे म्हातारीकोतारी राहतात आणि शाळेसाठी ठेवलेली पोरं. परत यायचं ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, मार्च-एप्रिलात.

राज्यात असे मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात. एवढा मोठा फरक पडतो, कारण या माणसांची एकेकट्याची नोंद कधी कुणाला ठेवावीच लागली नाही. कारखान्याला टन मोजायचे असतात आणि मुकादमाला कोयते.

बाईचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. चूल पेटवायची, दोन वेळच्या भाकरी थापायच्या, पाणी आणायचं, लेकरं उठवायची, आणि उजाडायच्या आत फडात, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतात, हजर व्हायचं. ऊस पुरुष तोडतात आणि बायका त्यांना मदत करतात असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात तोडणी दोघंही करतात. त्यावर पाचट म्हणजे वाळलेली पानं काढणं, वाढं म्हणजे हिरवा शेंडा छाटून वेगळं ठेवणं, मोळी बांधणं ही कामं बहुतेक बाईच्या वाट्याची. ‘डोकी सेंटर’ म्हणून जी पद्धत आहे तिच्यात पस्तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, लाकडी फळीवरून तोल सांभाळत ट्रकमध्ये नेऊन टाकायची, आणि गाडी भरेपर्यंत हे चालू ठेवायचं. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. मग कोपीवर परत येऊन पुन्हा चूल. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वरून ताडपत्री. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं.

या साऱ्यात वाढ्याचे पैसे तेवढे बऱ्याचदा बाईच्या हाती येतात. जनावरांसाठी हिरवं वाढं विकत घ्यायला आसपासचे लोक येतात, त्या चिल्लरीवर आठवडी बाजाराचं तेल-मीठ निघतं. उचल नवऱ्याच्या हातात दिलेली असते, कागदावर सही किंवा अंगठा त्याचा असतो, आणि शेवटचा हिशोबही मुकादम त्याच्याशीच करतो.

बाईचं काम ‘हाताखालचं’ धरलं जातं, त्याबद्दल एक गोष्ट नोंदवून पुढे जातो. कारखान्याच्या काट्यावर वजन होतं ते गाडीत भरलेल्या उसाचं. तोडून सरीत पडलेल्या उसाला वजन नसतं. तो सोलून, बांधून, डोक्यावरून गाडीत गेला की मगच त्याचे टन होतात. म्हणजे ज्या टनावर मजुरी ठरते तो टन तयार होतो तोच बाईच्या डोक्यावरून.

हिशोब

आता आकडे. ऑक्टोबर २०२० मध्ये तोडणीचा दर चौदा टक्क्यांनी वाढला. जानेवारी २०२४ मध्ये आणखी चौतीस टक्के वाढ मान्य झाली आणि टनाचा दर २७४ रुपयांच्या आसपासवरून ३६६ रुपयांच्या घरात गेला. मुकादमाचं वीस टक्क्यांच्या आसपासचं कमिशन वेगळं.

धडधाकट जोडपं दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून भरतं. म्हणजे दोघांचे मिळून ७३२ रुपये. बारा तासांचा दिवस धरला, आणि तो कमीच धरला आहे, तर दोन माणसांचे चोवीस तास होतात. तासाला साडेतीस रुपये पडतात. दीडशे दिवस एकही दिवस न चुकता काम झालं तर हंगामाचे १,०९,८०० रुपये. त्यातून लाखाची उचल वजा करा, मधल्या खर्चासाठी घेतलेले पैसे वजा करा. पट्टा पडताना कितीतरी कुटुंबांच्या अंगावर उचल बाकी राहते. ती पुढच्या हंगामात फेडायची, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलंच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. वरच्या हिशोबाने माणशी ३६६ रुपये पडतात, तेव्हा ऊसतोड वरवर बरीच वाटते. रोजगार हमीचं काम सलग पाच महिने मिळत नाही आणि ते कुणाला आगाऊ लाख रुपये देत नाही. लोक डोळे मिटून ऊसतोडीला जात नाहीत, सगळा विचार करून जातात. पण एक फरक रुपयांच्या पलीकडचा आहे. रोजगार हमीच्या मस्टरवर बाईचं नाव असतं, तिची हजेरी लागते, तिची मजुरी तिच्या नावे निघते. महाराष्ट्राने ही योजना १९७२ च्या दुष्काळात सुरू केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, आणि लाखो बायांनी खडी फोडून, बांध घालून स्वतःच्या नावाची मजुरी घेतली. तीच बाई, तेच हात, पण दिवाळीनंतर सांगलीच्या फडात गेली की तिचं नाव कागदावर उरत नाही. तिथे ती कोयत्याचा अर्धा भाग असते.

याचा परिणाम कायद्यावरही होतो. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ मध्ये झाला, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी आहे. पण समान वेतन मागायचं तर पुरुषाची एक मजुरी आणि बाईची एक मजुरी शेजारी ठेवून तुलना करावी लागते. इथे मजुरी एकच, दोघांची मिळून. असमानता कागदावर दिसतच नाही, कारण बाईची मजुरी म्हणून वेगळी रक्कम अस्तित्वातच नसते. मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आली, आणि २०२५ मध्ये त्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. त्यासाठी आदल्या बारा महिन्यांत ऐंशी दिवसांचं काम लागतं. ऊसतोड बाईचं काम दीडशे दिवसांचं भरतं. पण ते दाखवायचं कशावर? आणि मालक कोण म्हणायचं? कारखान्याचं म्हणणं, आमचा करार तोडणी-वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाने व्यवहार केलेला असतो नवऱ्याशी. या उतरंडीत बाईपर्यंत कुणीच पोचत नाही.

खाडा

खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. कोयत्याने खाडा केला की त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो. २०१९ च्या वार्तांकनात दिवसाला पाचशे रुपये हा आकडा सगळीकडे आला होता.

कोयता म्हणजे जोडपं असल्यामुळे दोघांतलं एक पडलं तरी कोयता मोडतो. बाईच्या पाठीत कळ आली, पाळीत अंगावरून जास्त गेलं, ताप भरला, तर खाडा पडतो नवऱ्याच्या हिशोबात, आणि दंड चढतो दोघांच्या उचलीवर. तिचं आजारपण हे घरावरचं कर्ज होतं. घरातल्या माणसांनी तिला काही बोलायचीही गरज नसते, तिला हिशोब कळतो. म्हणून ती उठते. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नसतो, धुवायला पाणी नसतं, वाळवायला जागा नसते. दिवस भरत आलेल्या बाया मोळ्या वाहतात आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच फडात परत येतात. वाढ्याच्या ढिगाआड, साडीच्या झोळीत तान्हं बाळ ठेवून काम चालतं.

लग्नाचं वयही याच मापाशी बांधलेलं आहे. एकट्या पोराला उचल अर्धी, लग्न झालं की पूर्ण. मुलीच्या आईबापाला वेगळी चिंता असते, सहा महिने गावात पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि सोबत नेली तर उघड्या कोपीत तिला सांभाळायचं कसं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात बावीस टक्क्यांच्या आसपास होतं, बीडमध्ये त्रेचाळीसच्या वर. याला केवळ रूढी म्हणून भागत नाही. पूर्ण कोयता होण्याची ती घाई आहे.

२०१९

एप्रिल २०१९ मध्ये एका इंग्रजी आर्थिक दैनिकात बीडच्या गावांतलं वार्तांकन छापून आलं. घरोघरी गर्भाशय काढलेल्या बाया आहेत आणि त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या आहेत, असं त्यात होतं. गावांना हे नवं नव्हतं. तिथे ‘पिशवी काढली’ हे शब्द दात काढल्याइतक्या सहज बोलले जात होते. मनीषा तोकले यांच्यासारख्या बीडच्या कार्यकर्त्या आणि महिला किसान अधिकार मंचाच्या बाया हा प्रश्न लावून धरत होत्याच. पण बातमी दिल्लीपर्यंत गेली, राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, आणि जूनमध्ये विधिमंडळात प्रश्न आला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दिलेल्या उत्तरानुसार २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या, चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी हे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होतं. दोन्ही पाहण्या वेगळ्या पद्धतीच्या आहेत, वयोगटही तंतोतंत जुळत नाहीत. तरी सतरा आणि अडीच यांमधलं अंतर पद्धतीच्या फरकाने भरून निघणारं नाही.

त्या काळात एक वाक्य फार फिरलं. मुकादमांना बिनगर्भाशयाच्याच बाया लागतात, ते शस्त्रक्रियेची सक्ती करतात. काही ठिकाणी मुकादमांनी शस्त्रक्रियेसाठी पैसे पुढे केले आणि ते उचलीत चढवले, हे खरं आहे. पण ‘सक्ती’ या शब्दाने प्रकरण फार सोपं करून टाकलं असं मला वाटतं. सक्ती करणारा एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर त्याला पकडून प्रश्न सुटला असता. इथे कुणी हुकूम सोडावा लागत नाही. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, दंड झाला की उचल फिटत नाही, आणि पिशवी काढली की ही साखळीच तुटते, हे गणित बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

प्रत्यक्षात घडतं ते असं. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन लेकरं, बाविशी-पंचविशीत कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया. मग अंगावर पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त रक्तस्राव, कंबर धरणं. अस्वच्छ पाणी, दिवसभर लघवी धरून ठेवणं, जड ओझी उचलणं, जंतुसंसर्गावर वेळेत उपचार न होणं, अशी त्याची साधी कारणं असतात. बहुतेक वेळा औषधगोळ्यांनी आणि विश्रांतीने बरं होणारं दुखणं. पण हंगामात दवाखाना गाठायचा तर खाडा पडतो, म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं. गावी परतल्यावर, सरकारी दवाखाना लांब आणि त्यात बाईडॉक्टर असेलच असं नाही म्हणून, खासगी दवाखाना गाठला जातो. तिथे सोनोग्राफी होते, पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल असं सांगितलं जातं. लेकरं झालेली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय, हा प्रश्न डॉक्टरही विचारतो आणि सासूही. वीस-तीस हजारांचा खर्च पुन्हा उचलीतूनच.

त्या डॉक्टरांचा दोष मी कमी लेखत नाही. घाबरलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून गरज नसलेली शस्त्रक्रिया करणं हा गुन्हाच मानला पाहिजे. पण बाई त्या टेबलापर्यंत येते ती मजुरीच्या हिशोबाने ढकललेली असते, आणि शस्त्रक्रियेनंतरही तो हिशोब तिला सोडत नाही. सहा-आठ आठवडे ओझं उचलायचं नसतं, आणि दिवाळीला निघायचं असतं. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखं शरीर होतं. हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप उडते, सांधे धरतात. खाडे टळावेत म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेपायी पुढे जास्त खाडे होतात. मग ती बाई मोळी उचलू शकत नाही, आणि तिच्या जागी लेकीला किंवा नव्या सुनेला न्यावं लागतं.

काय बदललं

काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. तोडीला निघण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणीची सोय झाली. २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचा निर्णय झाला आणि २०२१ मध्ये त्याला पैशाचा आधार मिळाला, कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारकडून. ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झाली. मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहं आली. डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, पाळीच्या दिवसांत काम करता आलं नाही तरी या बायांना मजुरी मिळावी, अशी मागणी केली होती. ती पुढे सरकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या याचिकेवर निकाल देताना, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्यास सगळ्या राज्यांना सांगितलं.

तरीही २०२५ च्या उन्हाळ्यात बीडच्या आरोग्य विभागाच्या तपासणीतून आकडा बाहेर आला. मागच्या हंगामाला निघण्याआधी ८४३ ऊसतोड स्त्रियांचं गर्भाशय काढलं गेलं होतं, आणि त्यांतल्या ४७७ जणी तीस ते पस्तीस वयाच्या होत्या. शस्त्रक्रिया आता परवानगी घेऊन होतात. परवानगीच्या अर्जावर आजार लिहिला जातो. तो आजार कसा झाला, यासाठी त्यावर रकाना नाही.

इथे मला कराराच्या टेबलाविषयी बोलायचं आहे. ऊसतोड मजुरांचा दर संपाने आणि लवादाने ठरतो. ‘कोयता बंद’ ही मराठवाड्यातली मोठी ताकद आहे, तिने अनेकदा कारखानदारांना नमवलं आहे. जानेवारी २०२४ ची बैठक पुण्यात झाली, शरद पवार आणि पंकजा मुंडे यांनी त्यात तोडगा काढला. म्हणजे मजुरांची बाजू मांडायला तिथे एक स्त्री होती, आणि तिच्या शब्दाला वजन होतं. चौतीस टक्के वाढ ही लहान गोष्ट नाही, हजारो घरांना तिने आधार दिला. पण वाढला तो टनाचा दर. टन ज्याच्या नावावर पडतो तो कोयता होता तसाच राहिला. खाड्याचा दंड, बाळंतपणाची रजा, बाईच्या नावाची वेगळी मजुरी हे विषय दरवाढीच्या घोषणेत आले नाहीत. नेतृत्वाच्या खुर्चीवर बाई बसली तरी मोजमाप आपोआप बदलत नाही, हे मला या प्रकरणातून फार स्पष्टपणे दिसतं.

एकल बायांचं पाहा. नवरा वारलेली किंवा टाकलेली बाई स्वतःहून तोडीला जायला तयार असते. कोयता चालवायला तिला कुणाची गरज नसते, ती वर्षानुवर्षं तेच करत आलेली असते. पण मुकादम अर्ध्या कोयत्याला सहज घेत नाही, घेतलं तर उचल कमी. म्हणून ती भावाबरोबर, चौदा-पंधरा वर्षांच्या पोराबरोबर जोडी लावते. पोराची शाळा तिथे सुटते. महिला ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी गेल्या काही वर्षांत लावून धरलेली मागणी म्हणजे ऊसतोड कामगार म्हणून बाईची स्वतंत्र नोंद व्हावी, तिला तिचं ओळखपत्र मिळावं. हा बदल मला फार मोठा वाटतो. ‘अमक्याची बायको’ म्हणून टोळीत असलेली बाई ‘मी ऊसतोड कामगार’ असं सांगत तहसील कचेरीच्या दारात उभी राहते आहे.

दुसऱ्या बाजूने यंत्र येतं आहे. ऊसतोडणी यंत्रासाठी सरकार किमतीच्या चाळीस टक्के किंवा पस्तीस लाख रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम, अनुदान म्हणून देऊ लागलं. मजूर मिळत नाहीत, त्यामुळे यंत्राला नाही म्हणता येणार नाही, आणि डोक्यावरची मोळी उतरणार असेल तर ती उतरावीच. पण यंत्र घ्यायला मोठं भांडवल लागतं आणि चालवायला प्रशिक्षण. दोन्ही ठिकाणी पुरुषच पुढे दिसतात. जिच्या नावे दीडशे दिवसांचा एकही कागद नाही ती बाई, माझं काम गेलं, मला भरपाई द्या किंवा यंत्र शिकवा, असं म्हणणार कशाच्या आधारावर?

दोन नावं

बायांची बँकेत खाती नाहीत म्हणून कोयत्याचा हिशोब एकत्र ठेवावा लागतो, असं पूर्वी सांगितलं जायचं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये राज्यभरातल्या बायांच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले. त्या बायांत तोडीला जाणाऱ्याही आहेत. खातं आहे, आधार जोडलेलं आहे, मोबाइलवर पैसे आल्याचा संदेश येतो. सरकारला तिचं खातं सापडतं, तर कारखान्यालाही सापडू शकतं.

टनाचा दर आहे तोच ठेवून त्याचे दोन सरळ भाग करायचे, अर्धा त्याच्या खात्यात, अर्धा तिच्या. टोळीच्या करारावर कोयत्यापुढे दोन्ही नावं लिहायची, हजेरी दोघांची वेगळी ठेवायची. एक आजारी पडलं तर दुसऱ्याचा दिवस भरलेला धरायचा, आणि खाड्याचा दंड बंदच करायचा, कारण बुडालेली मजुरी हीच पुरेशी शिक्षा आहे. यात कारखान्याला टनामागे जास्तीचा रुपया द्यावा लागत नाही. हजेरीच्या कागदावर तिचे ऐंशी दिवस भरले की बाळंतपणाचा हक्क मागायला निदान एक पुरावा तयार होतो. दोन मजुऱ्या वेगळ्या दिसू लागल्या की समान वेतनाच्या कायद्याला पहिल्यांदा काहीतरी मोजायला मिळतं. नवरे तयार होतील का, असा प्रश्न येतो. काही होणार नाहीत. रोजगार हमीच्या मस्टरवर बाईचं नाव चढलं तेव्हाही सगळे खूश नव्हते.

कारखान्याच्या काट्यावर गाडी आली की पावती निघते. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, वाहनाचा क्रमांक, वाहतूकदार, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, आणि वजाबाकी करून उरलेला ऊस. रिकाम्या ट्रकचंही वजन तिथे किलोपर्यंत लिहिलेलं असतं. त्या ट्रकमध्ये मोळ्या नेऊन टाकणाऱ्या बाईचं नाव लिहायची सुरुवात काट्यावर होऊ शकत नाही, तिथे फार उशीर झालेला असतो. ती जून-जुलैत करावी लागेल, मुकादम उचलीचा कागद घेऊन ओट्यावर बसतो आणि सहीसाठी एकाच माणसाला हाक मारतो, त्या वेळी.